दोनदा दाबलं तर?

पिवळा दिवा लागल्यावर थांबणारा माणूस तुम्ही पुण्यात कधी पाहिलाय? मी पाहिलाय. पाहिलाय म्हणजे काय, मागून जाऊन त्याच्या गाडीवर आदळलेच!

राजाराम पुलाचा सिग्नल. सोमवारची सकाळ. धायरीहून कोथरूडला ऑफिस गाठायचं, त्यात आईने डबा भरायला उशीर केलेला. दिवा पिवळा झाला, तशी मी कोणताही शहाणा पुणेकर करेल तेच केलं— गाडी पिळली. आणि माझ्या पुढच्या स्कूटरवाल्याने चक्क ब्रेक मारला!

धप्प.

"अहो काका!" मी स्कार्फच्या आतूनच ओरडले. "थांबलात काय असे मध्येच?"

"पिवळा लागला ना."

"पिवळा म्हणजे पटकन निघा!"

"नाही हो," तो शांतपणे म्हणाला. "पिवळा म्हणजे थांबा."

मागे हॉर्नचा नुसता गदारोळ. आणि हा माणूस सावकाश गाडी स्टँडला लावून खाली उतरला, हेल्मेटची काच वर केली... बाई गं! काका कुठला? माझ्याच वयाचा होता. सावळा, पापण्या या एवढ्या लांब, आणि ओठांच्या एका कोपऱ्यात हसू दाबून ठेवलेलं. माझ्या पोटात काहीतरी खळ्ळकन हललं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे भूक असेल, असं मी ठरवून टाकलं.

"तुम्हाला लागलं का?" त्याने विचारलं.

"मला नाही. तुमच्या मडगार्डला लागलंय."

"ते ओरडत नाहीये, तेवढं बरं आहे," असं म्हणून तो गाडीवर बसला, दिवा पूर्ण हिरवा होऊ दिला आणि मगच निघाला. मी मात्र तिथेच! माझी गाडी बंद पडली होती.

ऑफिसात पोचले तर रणजित सर नव्या टेस्टरची ओळख करून देत होते. "हा यज्ञेश्वर. अकोटचा आहे, अकोला जिल्हा. आपण जे बनवू ते मोडून दाखवणं हे याचं काम. आणि ही राजनंदिनी, ही बनवते."

मी वळले. त्याच लांब पापण्या! माझं तोंड तेव्हा स्कार्फमध्ये होतं, त्यामुळे हा काही ओळखणार नाही अशा भरवशावर मी अगदी गोड आवाजात म्हणाले, "नमस्कार."

"नमस्कार," तो म्हणाला. मग जरासं थांबून, हळूच— "काका म्हटलंत तरी चालेल."

शी! कानापर्यंत लाल झाले मी.

आता आमच्या कामाविषयी थोडं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आम्ही हाउसिंग सोसायट्यांसाठी 'गच्ची' नावाचं ॲप बनवतो. लिफ्ट बंद, पार्किंगची भांडणं, पाण्याचा टँकर, सगळं मोबाइलवर. कंपनी छोटी, डहाणूकर कॉलनीतल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. आमची पद्धत अशी, की वर्षभराचे मोठाले बेत करायचे नाहीत. पंधरा दिवसांत संपेल एवढंच काम घ्यायचं, ते पुरं करायचं, वापरणाऱ्या माणसासमोर नेऊन ठेवायचं, त्याच्या शिव्या खायच्या आणि सुधारून पुढचं घ्यायचं. याला जगभर एजाइल म्हणतात. शिव्यांचा भाग पुस्तकात नाही, तो आमच्या नशिबात आहे.

काम घ्यायच्या दिवशी, म्हणजे एकाआड एक सोमवारी, सगळे टेबलाभोवती पत्ते घेऊन बसतो. खरंच पत्ते! त्यांच्यावर एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा असे आकडे असतात. रणजित सर एक काम वाचतात. ते किती जड आहे त्याचा अंदाज प्रत्येकाने मनात करायचा, तो पत्ता पालथा ठेवायचा आणि सर "उघडा" म्हणाले की सगळ्यांनी एकदम उलटायचा. नियम एकच. ज्याचा आकडा सगळ्यांत छोटा आणि ज्याचा सगळ्यांत मोठा, त्या दोघांनी भांडायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. मग पुन्हा पत्ते टाकायचे.

तो आल्यानंतरच्या पुढच्याच सोमवारी काय झालं असेल सांगा?

"पाहुण्यांची गाडी गेटवर आली की घरमालकाला निरोप जायला हवा," सरांनी वाचलं. "उघडा."

माझा एक. त्याचा तेरा.

"तेरा?" मी ताडकन उठले. "अरे, एका निरोपाला तेरा? पत्रिका छापायच्यात का पाहुण्यांच्या?"

"घरमालक झोपला असेल तर?" तो म्हणाला.

"तर उठेल."

"फोन बंद असेल तर?"

"तर पाहुणे परत जातील. बरंच होईल की, घरमालक दुवा देईल."

"आणि चुकून शेजाऱ्याला निरोप गेला, आणि शेजाऱ्याने आत घेतलं तर?"

"तर... तर पाहुण्यांना चहा तरी मिळेल!"

सगळे खो-खो हसले. तोही हसला, मोकळं, मान मागे टाकून. आणि माझ्या पोटात पुन्हा तेच खळ्ळकन! त्या दिवशी तर मी डबा पूर्ण खाल्ला होता. म्हणजे भूक नव्हती.

मग हे दर वेळी व्हायला लागलं. माझा एक नाहीतर दोन, त्याचा आठ नाहीतर तेरा. मला सगळंच सोपं दिसायचं, त्याला सगळ्याच्या पोटात काहीतरी बिघडलेलं दिसायचं. आमची डिझायनर शेफाली, माझी मैत्रीण, पत्ते काढायच्या आधीच शेंगदाण्यांची पुडी उघडून बसायची. "चला, सुरू झाला कार्यक्रम," म्हणायची. भांडून भांडून आम्ही पाचावर यायचो, आणि गंमत म्हणजे पाचच बरोबर निघायचे. कधी त्याच्या एखाद्या 'तर?'ने आमची अब्रू वाचायची, कधी माझ्या घाईने काम वेळेत सुटायचं.

तो राहायचा धायरीतच, मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये. मग संध्याकाळी दोघांच्या गाड्या बरोबर निघायला लागल्या. त्याच्या मागे मागे मीसुद्धा सिग्नलला थांबायला शिकले. कारण थांबलं की बोलता यायचं ना!

"राजनंदिनी, तू टेस्टिंगला घाबरतेस का?"

"मी? मी फक्त माझ्या आत्याला घाबरते."

"मग माझ्या प्रत्येक प्रश्नावर एवढी का चिडतेस?"

"कारण तू प्रश्न विचारतोस तेव्हा भुवई वर करतोस. डावी. फार... फार त्रास होतो त्याचा."

"बरं. उजवी करत जाईन."

आणि हिरवा लागायचा. हा हिरवा इतक्या लवकर का लागतो, असं पुण्यात मी पहिल्यांदाच म्हटलं असेल.

कधी पाऊस भुरभुरायचा, तर पुलाखाली थांबून मक्याचं कणीस खायचो. तो दाणे एकेक करून सोलायचा आणि अर्धे माझ्या तळहातावर ठेवायचा. बोटं जराशी टेकायची... आणि दोघंही रस्त्याकडे बघायचो, जणू काही सिंहगड रोडची गर्दी आयुष्यात प्रथमच पाहतोय. मला तो आवडत होता. असा तसा नाही, भयंकर आवडत होता. पण सांगणार कोण? मी भांडायला वाघ, आणि हे सांगायचं म्हटलं की शेळी.

आणि मग तो एक सोमवार आला.

"सेक्रेटरीने बटण दाबलं की टँकरवाल्याकडे मागणी जायला हवी," सरांनी वाचलं. "उघडा."

माझा एक. शेफालीचा तीन. बाकीच्यांचे दोन-तीन. यज्ञेश्वरचा... दोन.

दोन! मी पुन्हा पाहिलं. सगळ्यांच्याच घोळक्यातला, मऊ, मधला दोन.

"दोन?" मी म्हणाले. "तुझा? एवढाच?"

"हो," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "ठीक वाटतंय."

"बटण दाबलं, मागणी गेली, संपलं. काही 'तर' नाही यात?"

"नाही."

"बघ हं. मी एक म्हणतेय."

"बरं," तो म्हणाला.

बरं! आख्ख्या मराठीत याच्याइतका थंड शब्द नसेल. भांडणच झालं नाही. सरांनी दोन लिहून टाकले आणि पुढचं काम वाचलं. शेफालीने पुडी न उघडताच ड्रॉवरमध्ये ठेवली. त्या दिवशी प्रत्येक कामाला त्याने मधलाच पत्ता टाकला, म्हणजे बोलावंच लागू नये! संध्याकाळी बघते तर त्याची गाडी आधीच गेलेली.

मी आठवडाभर नुसती जळत होते. काम करताना समोरच्या कीबोर्डवर राग काढत होते. शेवटी शेफालीनेच सांगितलं, "अगं, तुला माहीत नाही? सर नागपूरला ऑफिस काढतायत. यज्ञेश्वरला विचारलंय. घर जवळ पडेल त्याला. येत्या शुक्रवारचं काम दाखवून झालं की हो-नाही सांगायचंय."

"मग जाऊ दे की," मी म्हणाले.

"जाऊ दे?"

"मला काय करायचंय?"

"काही नाही," शेफाली म्हणाली. "पण तू मघापासून माझ्या कपातला चहा पितेयस."

शुक्रवारपर्यंत मी सांगितलं नाही तर तो जाणार होता. एवढं सरळ होतं. एकाचं काम! रोज ठरवायचे, आज बोलायचंच. आणि रोज तो "बरं" म्हणायचा, की मी पुन्हा कीबोर्डकडे वळायचे. त्याला माझ्याशी साधं भांडावंसंही वाटत नाही, तर प्रेम काय डोंबल वाटणार?

शुक्रवार उजाडला. आमचं काम आम्ही मंदार सोसायटीत दाखवायचो. तिथले सेक्रेटरी तात्याराव, निवृत्त गणिताचे प्राध्यापक. पहिल्या वेळी ॲप पाहून म्हणाले होते, "पूर्वी तक्रार करायला मला दोन मजले उतरावे लागत. आता दोन मजले उतरून वॉचमनला विचारावं लागतं, हे उघडायचं कसं." तरी बिचारे दर वेळी यायला सांगत, आणि आम्ही निमूटपणे जात होतो.

या वेळी सगळं खरंखुरं होतं. धायरीचे टँकरवाले पोपटशेठ माझ्या बाबांच्या ओळखीचे, त्यांना मीच तयार केलं होतं. मी, यज्ञेश्वर आणि शेफाली खाली पार्किंगमध्ये उभे. तात्यारावांनी चष्मा पुसला, बोट उंच धरलं आणि बटण दाबलं.

पार्किंगमध्ये रेंजची बोंब. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. तात्यारावांनी पुन्हा दाबलं. मग आणखी एकदा, जरा जोरात.

"गेली!" मी ओरडले. "मागणी गेली काका!"

शेफालीने टाळ्या वाजवल्या. मी आनंदाने यज्ञेश्वरकडे वळले, तर तो पांढराफटक पडलेला.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि गेटकडे बघत राहिला.

पहिला टँकर आला. त्याने टाकी भरली. वा, वा झालं, तात्याराव चक्क हसले. इतक्यात गेटवर पुन्हा हॉर्न— दुसरा टँकर! त्याच्या ड्रायव्हरने कोणाला न विचारता पाइप टाकीत सोडला, आणि भरलेल्या टाकीतून पाणी भसाभसा पार्किंगभर धावलं. स्कूटरींची चाकं बुडाली, कोणाच्या तरी चपला तरंगत निघाल्या, शेफाली बादली घेऊन "बंद करा, बंद करा" करत पळाली. आणि त्या सगळ्यात, रुबाबात, तिसरा टँकर येऊन गेटात आडवा उभा राहिला.

"मी पाणी मागवलं होतं," तात्याराव म्हणाले. "धरण नाही."

"काका, तुम्ही बटण तीनदा दाबलंत..."

"लिफ्टचं बटणही मी तीनदा दाबतो. तीन लिफ्ट येत नाहीत."

मी हताश होऊन यज्ञेश्वरकडे पाहिलं. तो पाण्यात उभा होता, पँट भिजलेली, मान खाली. आणि मला एकदम उमगलं.

"यज्ञेश्वर... तुला माहीत होतं."

तो वाकून भिजलेली पँट दुमडायला लागला.

"त्या सोमवारी पत्ता टाकतानाच तुला सुचलं होतं, दोनदा दाबलं तर काय. हो ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीस? तुझं कामच आहे ते! गेले सहा महिने माझ्या प्रत्येक ओळीत तू काड्या केल्यास, आणि नेमकं याच वेळी तोंडाला कुलूप?"

"काम पुरं झाल्यावर एकट्याने तपासणार होतो. गपचूप शेफालीकडून तुला कळवणार होतो. राहून गेलं. चूक माझी आहे, सरांनाही तसंच सांगेन. पण त्या दिवशी बोललो असतो, तर तू भांडली असतीस."

"भांडलेच असते!"

"हां. आणि तू भांडलीस की मग..." त्याचा आवाज अडखळला, आणि एरवी पुस्तकासारखी मराठी बोलणारा हा मुलगा एकदम अकोटला जाऊन पोचला. "मग मले नागपूरले जाणं जमलंच नसतं. तू उभी राहते, डोळे मोठे करते, मले झोपच येत नाही मग रातभर. अन् कळतही नाही बाप्पा... हे पोट्टी माह्याशी भांडून राह्यली, ते मी आवडतो म्हणून, का आवडत नाही म्हणून? कोणाले विचारू? म्हणून म्हटलं, गप राहावं. सवय मोडली की जाता येईल."

माझ्या घोट्यापर्यंत पाणी होतं, आणि गाल नुसते भाजत होते. हसू येत होतं, रडू येत होतं, त्याला एक धपाटाही घालावासा वाटत होता.

"वेडा आहेस का रे तू? जो आवडत नाही त्याच्याशी मी भांडेन कशाला? त्याला मी 'बरं' म्हणते! पुण्याची आहे मी!"

त्याने मान वर केली. "म्हणजे..."

"म्हणजे काय म्हणजे? गेले पंधरा दिवस तू मला 'बरं' म्हणत होतास, आणि मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडत होते. मला वाटलं, संपलं सगळं."

"तू काहून रडली?" तो इतक्या हळू म्हणाला... इतक्या हळू, की टँकरच्या घरघरीतही मला तेवढंच ऐकू आलं. त्याने हात पुढे केला. माझ्या कपाळावर उडालेला पाण्याचा थेंब अंगठ्याने पुसला. डावी भुवई वर गेली होती, पण या वेळी प्रश्न नव्हता तिच्यात.

आणि त्याचा फोन वाजला. रणजित सर. हात ओला होता म्हणून त्याने स्पीकरच लावला.

"यज्ञेश्वर, टँकरचं काम कसं झालं ते मला नंतर सांग. नागपूरवाले डोक्यावर बसलेत माझ्या. हो की नाही?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी श्वास धरून उभी.

"नाही, सर."

"नाही? अरे, सोमवारी तर 'बहुतेक हो' होतास! कारण काय सांगू मी?"

यज्ञेश्वरने तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. बाई गं, याचं होणार नव्हतं आज! मी फोन ओढूनच घेतला.

"सर, राजनंदिनी बोलतेय. कारण मी आहे."

इकडे शेफालीच्या हातातून बादली पडली.

"मला तो आवडतो, सर. त्याला मी आवडते. आम्हाला आत्ताच कळलंय. बाकी सगळं ऑफिसात आल्यावर सांगते. आणि बटण एकदा दाबलं की बंद होईल असं करायला हवं, ते मी आजच करते." आणि ठेवूनच दिला फोन. काय हलकं वाटत होतं म्हणून सांगू! अशीच पाण्यात उड्या माराव्यात.

तात्याराव धोतरासारखी पँट वर धरून आमच्यासमोर येऊन उभे राहिले.

"आटपलं का तुमचं?"

"हो, काका," मी म्हणाले.

"छान. आता गेटातला तो तिसरा टँकर कोणाच्या लग्नाला न्यायचा, तेवढं सांगा. मला शाळेची गाडी आत घ्यायचीय."

"आमच्या," यज्ञेश्वर म्हणाला.

मी नाही म्हणाले हं. तो म्हणाला! मी तोंड वासून बघतच राहिले. माझ्या घरी बोलला नव्हता, स्वतःच्या घरी बोलला नव्हता, मला तरी कुठे विचारलं होतं? म्हटलं आता भुवई वर जाईल, आता एखादं 'तर?' येईल. नाही आलं. तो नुसता माझ्याकडे बघत होता, कानाच्या पाळ्या लालभडक झालेल्या.

"आधी तिला विचारा," तात्याराव त्याला म्हणाले.

"विचारायची गरज नाही, काका," मी म्हणाले, आणि भर पार्किंगमध्ये, सगळ्या सोसायटीच्या खिडक्यांदेखत, त्याचा ओला हात घट्ट धरला.